लॅरी मॅकॅफीला काय हवं होतं

१९८९ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, फुल्टन काउंटीच्या न्यायालयात एक अर्ज आला. अर्जदार लॅरी मॅकॅफी, वय तिशीच्या थोडं पुढे. त्याचं म्हणणं एवढंच होतं: माझा श्वास चालवणारं यंत्र बंद करायचा हक्क मला आहे, असं न्यायालयाने जाहीर करावं, आणि ते बंद होताना तडफड होऊ नये म्हणून आधी गुंगीचं औषध मिळावं.

मी पाठीच्या कण्याला इजा झालेल्या माणसांमध्ये काम करणारी वैद्यकीय समाजसेविका आहे. एमएसडब्ल्यूचे, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे, नवे विद्यार्थी आमच्याकडे आले की पहिल्याच महिन्यात मी त्यांच्यापुढे लॅरीचं प्रकरण ठेवते. कारण आमच्या कामात ‘ताई, मला सोडवा’ हे शब्द कानावर पडले नाहीत असा महिना जात नाही. ते पहिल्यांदा ऐकल्यावर माणूस गडबडतो. मीही गडबडले होते. लॅरीच्या प्रकरणाने मला त्या शब्दांकडे बघायचं कसं हे शिकवलं, म्हणून ते सविस्तर लिहिते आहे.

लॅरी सहा फुटांहून उंच, धिप्पाड, डोंगरात भटकणारा, शिकारीची आवड असलेला, इंजिनिअरिंगकडे ओढा असलेला तरुण. १९८५ च्या मे महिन्यात मोटरसायकल घसरली आणि मानेतले अगदी वरचे मणके मोडले. मानेचा मणका जितका वरचा, तितकं जास्त शरीर हातचं जातं. लॅरीची इजा इतकी वर होती की हातपाय तर गेलेच, पण श्वासाचे स्नायूही गेले. गळ्यात भोक पाडून बसवलेली नळी, नळीला जोडलेला पाइप आणि पाइपाच्या दुसऱ्या टोकाला व्हेंटिलेटर. डोकं मात्र शाबूत. बोलता येत होतं, चावता येत होतं, विचार पूर्वीइतकाच लख्ख होता. आणि एक गोष्ट विद्यार्थ्यांच्या हमखास नजरेतून सुटते: तो मरणाच्या दारात नव्हता. यंत्र चालू राहिलं असतं तर तो पुढे कित्येक वर्षं जगू शकला असता.

सुरुवातीचा काळ बरा गेला. अटलांटात पुनर्वसन झालं, मग भाड्याच्या घरात चोवीस तास परिचारिका ठेवून तो राहू लागला. खर्च विम्यातून होत होता. विमा दहा लाख डॉलरचा. आपल्याला हा आकडा डोळे दिपवणारा वाटेल, पण पाळ्यापाळ्यांनी परिचारिका, यंत्र, औषधं, पुन्हापुन्हा होणारे जंतुसंसर्ग, हे सगळं धरलं की तोही फार दिवस पुरला नाही. पैसे संपले आणि लॅरी सरकारी मदतीवर आला. खरी घसरण इथून सुरू होते. जॉर्जियात सरकारी दरात व्हेंटिलेटरवरचा रुग्ण ठेवून घ्यायला एकही नर्सिंग होम तयार होईना. मग त्याला पार उत्तरेला, ओहायो राज्यातल्या एका नर्सिंग होममध्ये पाठवलं गेलं. आईवडील जॉर्जियात, मित्र जॉर्जियात, आणि हा शेकडो मैलांवर अनोळखी लोकांमध्ये खाटेवर. ओहायोवाल्यांनी १९८९ मध्ये त्याला परत पाठवलं. परत आल्यावर ठेवायचं कुठे? अटलांटाच्या मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात. तिथे तो कित्येक महिने पडून होता. अतिदक्षतेची गरज पडेल असा कुठलाही आजार त्याला त्या वेळी नव्हता. दुसरी जागा नव्हती, एवढंच कारण. तिथून पुढे शेजारच्या अलाबामा राज्यातलं आणखी एक नर्सिंग होम.

अतिदक्षता विभागात महिनोन्महिने राहणं म्हणजे काय, हे ज्यांनी आपलं माणूस तिथे ठेवलंय त्यांना सांगायला नको. दिवा कधी विझत नाही. शेजारच्या खाटेवरचा माणूस आज असतो, उद्या नसतो. भेटीची वेळ ठरलेली. पूर्ण शुद्धीत असलेला, बोलणारा, विचार करणारा एक तरुण हे सगळं बघत छताकडे तोंड करून पडलेला आहे. त्या दिवसांचा खर्च घरी ठेवलेल्या मदतनिसांपेक्षा कितीतरी जास्त होता. पण सरकारी नियमांत घरच्या मदतनिसासाठी पैसे बसत नव्हते आणि रुग्णालयासाठी बसत होते.

या सगळ्यातच लॅरीने अर्ज केला.

त्याने स्वतःच्या डोक्याने एक जुळणीही योजली होती. तोंडाने चालवता येईल असं बटण, वेळ लावून यंत्र बंद करणारी. इंजिनिअरच्या डोक्याचा माणूस, चार वर्षांत त्या डोक्याला मिळालेलं हे पहिलं काम. हे वाचताना मला दर वेळी थांबावं लागतं. ज्या हुशारीने तो हे योजत होता, त्या हुशारीला दुसरं काही करायला द्यावं असं त्याच्या भोवतीच्या कुणालाही सुचलं नव्हतं.

न्यायालयात फार मोठा वाद झालाच नाही. खालच्या न्यायालयाने सप्टेंबरमध्ये त्याच्या बाजूने निकाल दिला आणि २१ नोव्हेंबर १९८९ रोजी जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. अशा प्रकरणांत राज्य चार गोष्टींसाठी आडवं येऊ शकतं: जीव जपणं, आत्महत्या रोखणं, त्या माणसावर अवलंबून असलेल्यांचं रक्षण, आणि वैद्यकीय पेशाची नीती. लॅरीच्या बाबतीत यातलं काहीही त्याच्या नकाराच्या हक्कापेक्षा मोठं ठरत नाही, हे राज्याच्या वकिलांनीही मान्य केलं. शुद्धीत असलेल्या प्रौढ माणसाला उपचार नाकारता येतात आणि व्हेंटिलेटर हा उपचारच आहे, हे पहिलं पाऊल. दुसरं पाऊल जास्त नाजूक होतं. न्यायालय म्हणालं की यंत्र निघताना वेदना होऊ नयेत हा हक्क उपचार नाकारण्याच्या हक्कापासून वेगळा काढता येत नाही. म्हणून गुंगीचं औषधही त्या हक्कातच येतं.

विद्यार्थ्यांचा वर्ग इथे दोन तट पडून भांडतो आणि मी त्यांना भांडू देते. एक बाजू म्हणते, ही मदतीने केलेली आत्महत्याच झाली. नाव वेगळं दिलं म्हणून काय झालं? दुसरी म्हणते, नाही. मरण यंत्र निघाल्यामुळे येतं, औषध फक्त घुसमट कमी करतं. माझं मत दुसऱ्या बाजूचं आहे. कुणाला मरण यावं म्हणून विष हातात देणं आणि त्याच्या मनाविरुद्ध चालवलेला उपचार थांबवताना त्याला तडफडू न देणं, यात मला फरक दिसतो. नाहीतर घुसमटीची भीती दाखवून आपण माणसाला यंत्राला जखडून ठेवतो, आणि त्याला उपचार म्हणायला माझी जीभ धजत नाही. निकाल बरोबर होता असं मी आजही म्हणते.

पण न्यायालयापुढे आला तेवढ्याच प्रश्नाचं उत्तर न्यायालयाने दिलं. हा माणूस अतिदक्षता विभागात का पडून होता, हा प्रश्न त्याच्यापुढे नव्हता. तो विचारला अटलांटाच्या अपंग कार्यकर्त्यांनी. त्यातले काही स्वतः चाकाच्या खुर्चीत होते. त्यांचं म्हणणं साधं आणि कडक होतं: सरकार आधी आमचं जगणं असह्य करून ठेवतं, आणि मग ते असह्य आहे म्हणून आम्हाला मरायला मोकळीक देतं. एखाद्या धडधाकट तरुणाने नोकरी गेली, घर गेलं, गावापासून तोडलं म्हणून मरण मागितलं असतं, तर त्याला मदत देण्याची धावाधाव झाली असती. लॅरीने मागितलं तेव्हा सगळे म्हणाले, बरोबर आहे, अशा अवस्थेत कोण जगेल? त्याच्या नैराश्याला त्याच्या मानेचं कारण पुरलं. पुढे कुणी शोधलंच नाही.

आणि मग जे झालं त्यासाठीच मी हे प्रकरण शिकवते. हक्क हातात होता, पण लॅरीने तो वापरला नाही.

बातम्यांमुळे लोक त्याला येऊन भेटू लागले होते. अलाबामातल्या बर्मिंगहॅम शहरात अपंगत्व आणि इजा या विषयांवर काम करणाऱ्या काही जणांनी त्याच्याशी मैत्री केली. त्याला नर्सिंग होमच्या बाहेर नेलं, हॉटेलात बसून जेवण झालं. आवाजावर चालणाऱ्या संगणकाशी त्याची ओळख करून दिली. १९९० च्या सुमाराचा काळ लक्षात घ्या. संगणक तेव्हा बऱ्याच धडधाकट लोकांकडेही नव्हता. हात नसले तरी आकृत्या काढता येतील, इंजिनिअरिंगचं काम करता येईल, हे त्याला पहिल्यांदाच डोळ्यांनी दिसलं. रुग्णालयात नव्हे तर घरात राहायला मिळालं आणि काही काम करता आलं तर आपल्याला मरायचं नाही, असं तो उघड सांगू लागला. राज्यावर दबाव वाढला. शेवटी जॉर्जियातच, ऑगस्टा शहरात, व्हेंटिलेटरवरच्या माणसांसाठी एका छोट्या सामूहिक घरात त्याची सोय झाली. नर्सिंग होमऐवजी घरी राहण्यासाठी सरकारने पैसा द्यावा, ही मागणी त्याने पुढे स्वतः लावून धरली. १९९५ साली तो वारला. निकालानंतर सहा वर्षांनी, आणि त्या निकालाचा उपयोग न करता.

त्या सहा वर्षांत त्याची मान बरी झाली नव्हती. यंत्र सुटलं नव्हतं. पुढच्या काळात तब्येतीची गुंतागुंतही वाढली. तो सुखी होता असं मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणते की १९८९ मध्ये जे मरण त्याला हवं होतं, ते १९९० मध्ये नको झालं, आणि दोन वर्षांमधला फरक औषधाचा किंवा शस्त्रक्रियेचा नव्हता.

अशी ही एकटीच घटना नाही. १९८३ साली कॅलिफोर्नियात एलिझाबेथ बूव्हिया या सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे लहानपणापासून हातापायांच्या हालचालींवर ताबा नसणं) असलेल्या २६ वर्षांच्या मुलीने रुग्णालयात अन्न नाकारून मरू द्यावं अशी मागणी केली होती. तिचं लग्न मोडत होतं, गर्भपात झाला होता, पदव्युत्तर शिक्षण अर्ध्यावर सुटलं होतं. अर्जावर चर्चा झाली ती तिच्या हातापायांची. १९८६ मध्ये वरच्या न्यायालयाने तिला उपचार नाकारण्याचा हक्क दिला, आणि ती त्यानंतरही जगत राहिली.

कोलोरॅडोमध्ये १९९४ साली झालेली एक पाहणी मी फळ्यावर लिहूनच ठेवते. अपघात विभागात काम करणाऱ्या डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञांना विचारलं गेलं: तुमच्या कण्याला अशी जबर इजा झाली, तर जिवंत राहिल्याचा तुम्हाला आनंद वाटेल का? १८ टक्के हो म्हणाले. ज्यांना खरोखर तशी इजा झाली होती, त्यांच्यापैकी जिवंत असल्याचा आनंद आहे असं सांगणारे ९२ टक्के होते. यात मला भीती वाटते ती एका गोष्टीची. रुग्णाशी पहिल्या दिवसांत बोलणारी माणसं ही जिथे १८ टक्केच हो म्हणाले त्या गटातली असतात. खांद्यावर हात ठेवून ‘आता काय उपयोग’ म्हणणारी तीच, आणि रुग्णही पहिल्या महिन्यांत तीच नजर स्वतःची म्हणून उचलतो.

बऱ्या न होणाऱ्या आजारांतही चित्र फार वेगळं नाही. कॅनडात १९९५ मध्ये शेवटच्या टप्प्यातल्या २०० रुग्णांशी बोलून केलेला एक अभ्यास आहे. लवकर सुटावं असं अधूनमधून वाटणारे जवळजवळ निम्मे निघाले. मनात ठाण मांडून बसलेली, खरीखुरी इच्छा असलेले होते १७. त्या १७ पैकी १० जणांना नैराश्याचा आजार होता. बाकीच्यांमध्ये हे प्रमाण आठ टक्क्यांच्याही खाली होतं. वेदना आणि घरच्यांचा तुटलेला आधार, यांचंही त्या इच्छेशी नातं दिसलं. लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची काळजी घेणारं ठिकाण, उभारणाऱ्या सिसिली सॉन्डर्स हेच वेगळ्या शब्दांत सांगत होत्या: दुखणं अंगाचं असतं, मनाचं असतं, नात्यांचं आणि श्रद्धेचंही असतं, आणि एकाच जागी औषध लावून ते थांबत नाही. मुंबईत वांद्र्याला १९८६ मध्ये शांती आवेदना सदन सुरू झालं, ते याच विचारातून आलेलं भारतातलं पहिलं हॉस्पिस.

आता माझ्याकडचं सांगते. ओळख पटू नये एवढेच तपशील ठेवते.

सातारा जिल्ह्यातल्या एका गावचा रंगारी. इमारत रंगवताना परांचीवरून पडला, मानेचा मणका गेला. खांदे हलतात, कोपरापर्यंत थोडी ताकद आहे, बोटं नाहीत. श्वास स्वतःचा आहे. डिस्चार्ज होऊन घरी गेल्यावर सहा महिन्यांनी मी भेटीला गेले. घराच्या मागच्या खोलीत खाट होती, भिंतीकडे तोंड करून. खोलीत शिरताच जखमेचा वास आला. पाठीला, बरोबर माकडहाडावर, तळहाताएवढा बेडसोअर, सतत पडून राहिल्याने होणारी जखम. तो भिंतीकडे बघतच म्हणाला, ‘ताई, एक इंजेक्शन द्यायला सांगा डॉक्टरांना. सोडवा मला.’

मी म्हणाले, ‘असं बोलू नये. आईचा विचार करा.’

तो गप्प झाला. पुढच्या दोन्ही भेटींत माझ्याशी ‘हो’ आणि ‘नाही’ याखेरीज एक शब्द बोलला नाही. माझी ती चूक आजही मला बोचते. त्याने दार किलकिलं केलं होतं आणि मी ते उपदेशाने ढकलून लावलं. आईचा विचार तर तो अहोरात्र करत होता. म्हणूनच मरण मागत होता.

चौथ्या खेपेला मी वही काढून खाटेशेजारी बसले आणि विचारलं, ‘कशातून सोडवू? एकेक सांगा, मी लिहून घेते.’ बराच वेळ गेला. मग त्याने सांगायला सुरुवात केली. वास. वास आधी. पुतणी खोलीत यायची बंद झाली होती. मग, रात्री कूस बदलायला आई दोनदा उठते आणि तिचे गुडघे वाजतात, तो आवाज. लघवीची नळी तुंबली की पूर्ण अंगाला घाम सुटतो आणि डोकं फुटेल असं होतं, ते कुणालाच कळत नाही. वहिनी भावाला स्वयंपाकघरात खर्चाचं बोलते ते ऐकू येतं. आणि शेवटी, अगदी हळू: ही भिंत. ‘मी पंधरा वर्षं भिंती रंगवल्या ताई. हिचा रंग बघवत नाही. पोपडे आलेत.’

त्या यादीत मरण कुठेही नव्हतं. वास होता, गुडघे होते, नळी होती, भिंत होती.

वासाचं लवकर जमलं. जखमेत मेट्रोनिडाझोलची पूड आणि रोजचं ड्रेसिंग, आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांनी आशाताईंना शिकवलं. नळी तुंबल्यावर येणारा घाम आणि डोकेदुखी ही कण्याच्या रुग्णांत जीवघेणी ठरू शकते, हे घरच्यांना समजावलं. तेव्हा भाऊ एकदम बदलला, कारण तोवर त्याला ती कटकट वाटत होती. हवेची गादी आली. सिव्हिल हॉस्पिटलच्या चार खेपा घालून अपंगत्वाचं प्रमाणपत्र, मग यूडीआयडी हे अपंगांचं सरकारी ओळखपत्र, मग संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज. पैसे थोडेच, पण ते त्याच्या नावावर येतात, आणि वहिनीच्या हातात तो स्वतः देतो. मानसोपचारतज्ज्ञांशी बोलून नैराश्याची गोळी सुरू झाली, ती लागू पडायला महिना लागला. रात्रीबेरात्री मन फार खचलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिला. आणि खाट भावाने पुढच्या पडवीत आणली, रस्त्याकडे तोंड करून. आता शाळेतून येणारी पोरं त्याला हाका मारतात. गावातलं घर रंगवायचं असलं की लोक रंगाचा अंदाज त्याला विचारायला येतात. किती चौरस फूट, किती लिटर, तो तोंडी सांगतो आणि चुकत नाही.

हे सगळं करायला जवळपास एक वर्ष लागलं. आमच्याकडे असे कितीतरी आहेत ज्यांच्यापर्यंत ते वर्ष पोहोचलंच नाही.

विद्यार्थ्यांतला कुणीतरी मग विचारतोच, आणि विचारायलाच हवं: यादी संपली, सगळं केलं, आणि तरीही माणूस म्हणाला की नको, तर? असे लोक असतात. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात सहा महिन्यांच्या आत मृत्यू येईल अशा रुग्णाला डॉक्टरांकडून मरणाचं औषध मागता येतं. तो कायदा १९९७ पासून चालू आहे. तिथल्या सरकारी अहवालांत रुग्णांनी दिलेल्या कारणांत वेदना बरीच खाली येते. वर असतात ती स्वतःवरचा ताबा जाणं, आवडतं काही करता न येणं, प्रतिष्ठा जाणं. ही कारणं मी हलकी मानत नाही. पण मला त्यात लॅरी दिसतो. परक्या हातांनी अंग पुसून घेताना प्रतिष्ठा जाते की नाही, हे ते हात कसे आहेत यावर फार अवलंबून असतं. जो माणूस सगळं मिळूनही नको म्हणतो, त्याला मी खोटं समजावणार नाही. त्याच्याजवळ बसेन, आणि त्याला नको असलेला उपचार लादू देणार नाही. मरणाचं औषध मात्र मी हातात देणार नाही, आणि आपल्या देशात ते कायद्यानेही चालत नाही. ज्या समाजात हवेच्या गादीसाठी वर्ष घालवावं लागतं, तिथे मरणाची पुडी गादीच्या आधी दारात यावी, या विचाराने माझा थरकाप होतो.

आपला कायदा इथवर कसा आला, त्याची सुरुवात मुंबईतून आहे, आणि ती लॅरीच्या गोष्टीशी विलक्षण जुळते. लॅरीचा अपघात झाला त्याच १९८५ साली मुंबई पोलिसांतल्या एका शिपायाने महापालिकेच्या मुख्यालयात स्वतःला संपवायचा प्रयत्न केला. रस्त्यावरच्या अपघातात डोक्याला मार लागल्यापासून तो मानसिक आजारी होता, आणि बायकोच्या भाजीच्या दुकानाच्या परवानगीचं काम घेऊन तिथे गेला होता. त्याला वाचवलं गेलं आणि त्याच्यावर आत्महत्येच्या प्रयत्नाचा गुन्हा लागला. मारुती श्रीपती दुबल विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. सावंत आणि न्या. कोळसे पाटील यांनी १९८६ मध्ये ते कलम घटनाबाह्य ठरवलं. मनाच्या आजाराने हे पाऊल उचलणाऱ्याला उपचार हवेत, तुरुंगाची कोठडी नव्हे, हे त्यांनी स्पष्ट म्हटलं. दुसऱ्याने दयेपोटी जीव घेणं मात्र त्यांनी यापासून वेगळं काढलं, ती हत्याच. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये हा विचार उचलून धरला आणि १९९६ च्या ज्ञान कौर खटल्यात पाच न्यायमूर्तींनी तो फिरवला: जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही. पुढे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने कलम ११५ मध्ये असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असं गृहीत धरून, त्याची काळजी, उपचार आणि पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी ठरवली. मुंबईतल्या निकालात बोललेली गोष्ट कायद्यात यायला एकतीस वर्षं गेली.

सर्वोच्च न्यायालयाच्या ९ मार्च २०१८ च्या निकालाने बरं होण्याची आशा नसलेल्या रुग्णाचे कृत्रिम उपचार थांबवायला आणि त्यासाठी आगाऊ इच्छापत्र करायला वाट करून दिली. २४ जानेवारी २०२३ ला ती वाट सोपी झाली. इच्छापत्राला आता दंडाधिकारी लागत नाही, नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी चालतो. मरायला मदत करणं आजही गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०८ खाली दहा वर्षांपर्यंतची शिक्षा.

समजा आज लॅरीसारखा कुणी सोलापूरच्या किंवा नांदेडच्या आयसीयूत पूर्ण शुद्धीत व्हेंटिलेटरवर आहे. शुद्धीत आहे तोवर त्याला उपचार स्वतः नाकारता येतात; शुद्ध हरपली तर त्याचा नकार ऐकायला कागद आहे, वैद्यकीय मंडळं आहेत, त्यांना ठरवायला ४८ तासांची मुदत आहे. घरी नेऊन व्हेंटिलेटर चालवायचा झाला, तर यंत्र भाड्याने, इन्व्हर्टर घरचा, रात्रपाळीचा मदतनीस स्वतःच्या खिशातून, आणि लाइट गेली की अंबू बॅग, म्हणजे हाताने श्वास द्यायची पिशवी, दाबत बसायचं बायकोने. दुसऱ्या बाजूला पुण्यात खडकीच्या पॅराप्लेजिक केंद्रात जाऊन या. १९७४ पासून तिथे कण्याला इजा झालेले सैनिक राहतात. त्यातले काही तोंडात ब्रश धरून चित्रं काढतात. इजा तीच, पण त्यांच्यामागे फौज उभी आहे. माझ्या रंगाऱ्यामागे त्याची आई आणि तिचे गुडघे आहेत.

गेल्या पावसाळ्यात त्याला पुन्हा ताप आला, पडवीत पाणी शिरलं म्हणून खाट परत मागच्या खोलीत गेली. मी गेले तेव्हा चेहरा भिंतीकडे होता. ‘ताई, आता बास,’ म्हणाला. मी वही काढली. तो थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, ‘लिहा. पहिलं म्हणजे, पडवीच्या पत्र्याला सिमेंट लावायचं आहे. भावाला सांगा, मी सांगतो तसं लाव म्हणावं.’